कल्हईखालचं भांडं

मैत्रिणींनो, आपलं भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. जुनं पातेलं कल्हई होऊन आलं की कसं चांदीसारखं लखलखतं! पण जाणती बाई आधी ते उजेडासमोर धरून बूड पाहते. भोक असलं तर कल्हई काय कामाची? हा धडा परवा मला चक्क मोटारीच्या बाबतीत उपयोगी पडला.

झालं असं, की नागपुरात एक जुनी 'स्टँडर्ड हेरल्ड' विकायला असल्याचं यांना कळलं. १९६८ची, पण नवी करून घेतलेली, लालचुटुक. लहानपणी हे एकदा तसल्या गाडीत बसले होते, तेव्हापासूनचं वेड! १९५९ साली इंग्लंडात निघालेली ट्रायम्फ हेरल्ड १९६१पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिचाच सांगाडा आखूड करून तिकडे १९६२मध्ये 'स्पिटफायर' ही दोघांची स्पोर्ट्स मोटार काढली. म्हणजे दोघी बहिणीच! हे सांगताना यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. आणि मग हळूच म्हणाले, "तुझी ती एफडी..."

तासिकांवर शिकवून मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे ते! "मुळीच नाही" अगदी ओठांवर आलं होतं. पण न पाहता नाही म्हटलं, तर यांच्या मनात अढी राहिली असती. म्हटलं, "चला, मीही येते." शाळेतून विचारून आणलेला लोहचुंबक पर्समध्ये टाकला.

गाडी खरंच देखणी. पुढचं अख्खं तोंडच मडगार्डांसकट उघडतं, त्यामुळे इंजिन सगळं समोर. मी चुंबकाला रुमाल गुंडाळला आणि पत्र्यावरून फिरवला. पत्रा असेल तिथे तो चिकटतो. गंजलेल्या जागी जाड लांबी भरलेली असेल तर चिकटत नाही. दोन्ही दारांच्या खाली तो टपकन हातात आला. मग पायाखालची चटई उचलायला लावली, तर खाली गंज. आरसी बुकातला इंजिन नंबर ताडून पाहिला, तोही जुळेना!

तुमच्याही घरी असा बेत निघाला तर आणखी ध्यानात ठेवा. इंजिन आधी तापवून ठेवू देऊ नका. थंड गाडी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. निळा धूर आला तर ती तेल जाळते आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. बाजारहाटाला न्यायचा विचार असेल तर तो हिशेब आधीच करा.

परतताना मौदा येईपर्यंत हे गप्पच होते. मग म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस तर मी रुसलो असतो. चुंबकावर कसा रुसू?"

एफडी शाबूत आहे. यांचं वेडही शाबूत आहे. खरी मजबूत हेरल्ड मिळाली तर बघू, पण यांच्या स्वतःच्या साठवणीतून. म्हणून सांगते बायांनो, चुलीपाशी उभं राहून नाही म्हणू नका. सोबत जा, भांडं उजेडासमोर धरा, मग बोला. बघा पटतंय का!