आपल्या अंगणातले लेखन

दिवसभरात घडलेले लिहून ठेवण्याच्या वहीला आपण रोजनिशी म्हणतो. संगणकाच्या महाजालावर अशी वही सर्वांसाठी उघडी ठेवण्याची प्रथा सुरू झाली, तेव्हा मराठीत तिला ‘अनुदिनी’, ‘जालनिशी’ अशी नावे मिळाली; लोकांच्या तोंडी मात्र ‘ब्लॉग’ हाच शब्द रुळला. १९९९ साली ‘ब्लॉगर’ आणि २००३ साली ‘वर्डप्रेस’ ही साधने आली आणि तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही स्वतःचे पान मांडता येऊ लागले. पूर्वी एका संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अनेकदा निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचणही दूर झाली.

पुढे २००४ साली फेसबुक आणि २००६ साली ट्विटर सुरू झाले. दोन ओळी लिहाव्यात आणि क्षणात दाद मिळवावी, ही सोय मोहक होती. लिहिणारे तिकडे वळले आणि अनेक अनुदिन्या ओस पडल्या. आता त्यांपैकी काही जण परतू लागले आहेत, काही नव्याने लिहू लागले आहेत. ही केवळ गतकाळाची ओढ आहे काय? मला तसे वाटत नाही. या परतण्यामागे एक विचार आहे.

समाजमाध्यम हा भरलेला बाजार आहे आणि अनुदिनी हे आपले अंगण आहे. बाजारात आपले बोलणे कोणाच्या कानी पडावे, हे आपण ठरवीत नाही. तेथील गणिती नियम ठरवितात. वाचकाला अधिक वेळ खिळवून ठेवील ते पुढे येते आणि शांतपणे मांडलेला विचार मागे पडतो. गेल्या वर्षी लिहिलेला मजकूर शोधू गेल्यास तो सहसा हाती लागत नाही. शिवाय बाजाराच्या मालकाने टाळे लावले, की भाडेकरूला निघावेच लागते. जिओसिटीजची बहुतेक पाने २००९ साली, ऑर्कुट २०१४ साली आणि सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २०१९ साली बंद झाले. ज्यांनी आपल्या लेखनाची प्रत जपली नव्हती, त्यांनी आयुष्यातील काही वर्षांची नोंदच गमावली.

दुसरे कारण विस्ताराचे आहे. ट्विटरवर २०१७ पर्यंत एका वेळी १४० अक्षरेच लिहिता येत. एवढ्या जागेत मत सांगता येते. पण त्या मतापर्यंत आपण कसे पोहोचलो, हे सांगता येत नाही. अनुदिनीत शंका, अपवाद आणि दुसरी बाजू यांना जागा असते. लिहिता लिहिता विचार स्पष्ट होतो, हा लाभ तर एकही वाचक नसला तरी मिळतो. तिसरे कारण अगदी अलीकडचे आहे. २०२२ पासून यंत्राने रचलेला मजकूर सर्वांच्या हाती आला. सफाईदार वाक्ये स्वस्त झाली. त्यामुळे ओळखीच्या माणसाने स्वतः पाहिलेले आणि सोसलेले सांगणे अधिक मोलाचे ठरले.

‘सामान्य माणसाच्या नोंदींत एवढे काय असते?’ असा आक्षेप घेतला जातो. त्याला आपल्या साहित्यानेच उत्तर दिले आहे. विष्णुभट गोडसे हे वरसईचे एक गरीब भिक्षुक. दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि आज तो त्या काळाचा अमोल दस्तऐवज मानला जातो. शाळेत रीतसर शिक्षण न घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला आणि घरगुती मराठीचे सामर्थ्य वाचकांना जाणवले. दोघांनीही आपल्याला जे ठाऊक होते, तेच आपल्या भाषेत सांगितले.

या दृष्टीने महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाची जबाबदारी मोठी आहे. तंजावर, बडोदा, इंदूर येथील मराठी घरांनी आपापल्या परीने भाषा जपली आणि शेजारच्या भाषांचे शब्दही तिच्यात सामावून घेतले. त्या घरांतील म्हणी, सणवार आणि स्वयंपाकघरातील शब्द छापील ग्रंथांत क्वचितच येतात. ते त्या घरातल्या माणसांनी लिहिले नाहीत, तर बोलणाऱ्यांबरोबरच संपतील.

अर्थात, अंगण आपले असले तरी ते रस्त्यावरून दिसते. येथे संपादक नसतो. म्हणून माहिती पडताळण्याचे काम लेखकालाच करावे लागते. घरच्यांची किंवा मित्रांची खाजगी गोष्ट त्यांच्या संमतीवाचून चव्हाट्यावर आणणे योग्य नव्हे. आणखी एक सावधगिरी हवी. फुकट मिळालेले पानही अखेर दुसऱ्याच्या जागेवरच उभे असते. म्हणून प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. शक्य झाल्यास थोडे वार्षिक शुल्क भरून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा.

अनुदिनीला वाचक थोडे मिळतील, हे खरे. परंतु गर्दीत हजारांच्या कानांवरून गेलेल्या शब्दापेक्षा दहा जणांनी थांबून वाचलेला लेख अधिक काळ मनात राहतो. गाजण्यासाठी बाजार आहेच. विचार करण्यासाठी आणि आठवणी जपण्यासाठी प्रत्येकाचे एक अंगण असावे. ते मिळविणे आज कठीण नाही. नियमाने लिहीत राहणे, एवढेच काय ते कठीण आहे.