वैद्यांचे सभाभय

नाडीवर बोटे ठेवून बसलेला वैद्य रुग्णाशी अर्धा तास सहज बोलतो. पथ्य सांगताना त्यास शब्द शोधावे लागत नाहीत. तोच वैद्य ग्रामपंचायतीच्या सभागृहात वा शाळेच्या पटांगणात उभा राहिला की त्याच्या घशास कोरड पडते, तळहात ओले होतात आणि पाठ केलेले पहिले वाक्यही आठवेनासे होते. औषधी दुकानदार बंधूंची स्थिती याहून निराळी नाही. हा आमचा स्वतःचा अनुभव असल्याने येथे मोकळेपणाने लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी साकोली तालुक्यातील एका गावी आरोग्यविषयक कार्यक्रमास आम्हास बोलाविले होते. आमच्या आधी एका गृहस्थांनी सांधेदुखीवरील एका बिननावाच्या पुडीची मनसोक्त स्तुती केली. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, असे ते म्हणाले. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते, हे आम्हास पक्के ठाऊक होते. ‘डॉक्टरसाहेबांनी दोन शब्द सांगावेत’ असा पुकारा झाला. आम्ही उठलो, आयोजकांचे आभार मानले, दिनचर्येविषयी काहीतरी पुटपुटलो आणि खाली बसलो. चार महिन्यांनी त्याच गावची एक बाई दवाखान्यात आली. चेहरा सुजून गोल झालेला, रक्तातील साखर वाढलेली आणि पदराच्या गाठीत तीच पुडी. एकदम बंद केल्यासही धोका, म्हणून तिला कायचिकित्सकाकडे पाठवावे लागले. जाताना ती एवढेच म्हणाली, “तुमी त होते ना तेथं, डाक्टरसाहेब. काही बोलले नाही मंग?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून या विषयाकडे आम्ही व्याधी म्हणून पाहू लागलो, आणि आपल्याच ग्रंथांत त्याचे निदान सापडले. भयाने वायू प्रकुपित होतो, हे आपणास पाठ आहे. वाग्भटाचार्यांनी उदान वायूकडे वाक्प्रवृत्ती, प्रयत्न, बल, वर्ण आणि स्मृती ही कर्मे सोपविली आहेत. भ्यालेल्या वक्त्याचा आवाज खोल जातो, चेहरा उतरतो आणि आठवणही जाते, ही तीन लक्षणे एकाच वेळी का दिसतात याचा उलगडा येथे होतो. सभेपूर्वी वारंवार शौचास जावे लागणारे तर भयज अतिसाराचे चालते-बोलते उदाहरण होत. त्या अतिसारावर चरकसंहितेने वातहर क्रियेबरोबर हर्षण आणि आश्वासन सांगितले आहे, हे आमच्या मते फार महत्त्वाचे आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय आपण परीक्षेपुरता वाचला आणि सोडून दिला. वास्तविक तो वक्त्याने उशाशी ठेवावा असा आहे. वादात उतरणाऱ्याचे दोष सांगताना आचार्यांनी कोपनत्वाच्या जोडीला भीरुत्व बसविले आहे. परिषदेचे ज्ञानवती आणि मूढा असे भेद करून, त्यांचेही सुहृत्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे तीन प्रकार केले आहेत. बोलण्याआधी समोर कोण बसले आहे ते ओळखा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ.

या भेदाचे मर्म महात्मा गांधींच्या चरित्रात दिसते. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले असता त्यांना एकही प्रश्न सुचेना, आणि पक्षकाराचे 30 रुपये त्यांनी परत केले. पुढे 1893 मध्ये प्रिटोरिया येथे भारतीय व्यापाऱ्यांपुढे ते व्यापारातील सचोटीवर बोलले आणि चांगले बोलले. आपल्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. विषय तयार होता, परिषद सुहृत् होती. भीती तेथे कायमची संपली असे मात्र नव्हे. 26 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. मेहतांनी आग्रहाने भाषण आधी लिहून, छापून घेतले होते. तरी वाचताना गांधीजी थरथरू लागले. अध्यक्ष ‘मोठ्याने, मोठ्याने’ म्हणून धीर देत होते, आणि तसतसा आवाज अधिकच खाली जात होता. केशवराव देशपांडे मदतीस धावले, पण श्रोत्यांनी ‘वाच्छा, वाच्छा’ असा गजर केला आणि अखेर दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचून सभा जिंकली. (आम्हा वैद्यांस त्या गजरात वचाच ऐकू यावी, हा व्यवसायाचा दोष!)

मागून ‘मोठ्याने’ असे ओरडणे म्हणजे आश्वासन नव्हे, एवढे आपल्या सभांच्या अध्यक्षांनी यावरून ध्यानी घ्यावे.

औषधाविषयी थोडे. सभेच्या आदल्या दिवशी सारस्वतारिष्टाची बाटली मागणारे गिऱ्हाईक दुकानदार बंधूंनी पाहिले असेल. ब्राह्मी, शंखपुष्पी ही मेध्य द्रव्ये खरी, पण एका रात्रीत ती वक्तृत्व देत नाहीत, आणि तसे सांगून ती विकूही नयेत. कोणी ऐकीव माहितीवर प्रोप्रॅनोलॉलची गोळी मागितली तर स्पष्ट नकार द्यावा. दम्याच्या रुग्णास ती घातक ठरू शकते. घशासाठी ज्येष्ठमध तोंडात धरावा, सभेपूर्वी हलके व उष्ण अन्न घ्यावे, चार दीर्घ श्वास सावकाश सोडावेत. याहून अधिक औषधयोजना आम्ही करीत नाही.

खरा उपाय सुश्रुताचार्यांचा. शस्त्रकर्म शिकणाऱ्यास त्यांनी आधी कोहळ्यावर, दुधीवर, काकडीवर हात चालवावयास सांगितले. आपण मात्र भाषणाचे पहिले शस्त्र थेट पाचशे लोकांवर चालवितो आणि मग हात कापतो म्हणून कष्टी होतो. धान कापणीनंतर आपल्या झाडीपट्टीत रात्रभर नाटके रंगतात. दिवसा शेतात राबणारा मनुष्य तेथे हजारोंसमोर न अडखळता संवाद म्हणतो. दंडारीत लहानपणापासून उभा राहिल्याने त्याचा योग्याभ्यास झालेला असतो. आपली पदवी त्यास पर्याय होत नाही.

2025 पासून आयुर्वेद दिन 23 सप्टेंबर या निश्चित तारखेस साजरा होऊ लागला आहे. त्या सुमारास तुमसर, पवनी, लाखांदूरपर्यंतच्या शाळा आपणास बोलावितात, आणि आपण नाही गेलो तर ते व्यासपीठ पुडीवाल्यास मिळते. म्हणून आमची सूचना अशी : संघटनेच्या मासिक बैठकीत दर वेळी दोघांनी पाच-पाच मिनिटे बोलावे, एक वैद्य व एक दुकानदार. कागद हाती धरण्यास मुभा असावी. ज्येष्ठांनी मध्ये दुरुस्ती करू नये, जे सांगणे ते नंतर चहाच्या वेळी सांगावे. पहिले नाव आमचे लिहून घ्यावे. विषय बिननावाच्या पुड्यांचाच राहील.