आयकर विधेयक, ‘क्रॉस-रेफरन्सिंग’ आणि दोन प्रश्नचिन्हं: कलमांच्या आकड्यांमागची टाइपसेटिंगची भानगड

८ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने लोकसभेतून स्वतःचंच एक विधेयक मागे घेतलं. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा घेणारं हे विधेयक १३ फेब्रुवारीला मांडलं होतं: ५३६ कलमं, २३ प्रकरणं, १६ अनुसूची. प्रवर समितीने त्यात २८५ सूचना केल्या. मग ११ ऑगस्टला सुधारित विधेयक आलं, त्याच दिवशी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झालं, २१ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. लागू होण्याची तारीख ठरली १ एप्रिल २०२६.

नवं विधेयक आणताना सरकारने जी कारणं दिली, त्यात मसुद्यातल्या दुरुस्त्या, शब्दरचनेतला मेळ, आनुषंगिक बदल अशा गोष्टी होत्या आणि त्यांच्या रांगेत शेवटी एक शब्द होता: क्रॉस-रेफरन्सिंग. बातम्यांमध्ये टॅक्स स्लॅबवर चर्चा झाली, या शब्दाकडे कोण बघणार? मी मराठी मजकूर टाइपसेट करण्यात बराच वेळ घालवतो, त्यामुळे माझी नजर नेमकी तिथेच अडकली. देशाच्या कायद्यातही तोच त्रास, जो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना होतो!

क्रॉस-रेफरन्स म्हणजे एकाच दस्तऐवजात एका ठिकाणाहून दुसरीकडे बोट दाखवणं. ‘कलम ४५ मध्ये सांगितल्याप्रमाणे’, ‘विभाग ३.२ पाहा’ वगैरे. अडचण अशी की ‘४५’ हे त्या कलमाचं नाव नसतं, तो रांगेतला नंबर असतो. मध्ये एक नवं कलम घुसलं की ४५ चं ४६ होतं, आणि ज्याने ज्याने ४५ कडे बोट दाखवलंय ते सगळे आता चुकीच्या माणसाकडे बोट दाखवत राहतात.

यावरचा उपाय तुमच्या फोनमध्येच आहे. आईचा नंबर तुम्ही ‘आई’ या नावाने सेव्ह करता. नंबर बदलला की एकाच जागी बदलायचा, पुढे फोन लावताना नाव तेच. टाइपसेटिंगमध्ये या नावाला लेबल म्हणतात. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ मध्ये टेक ही प्रणाली आणली, तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लॅटेक्स उभं केलं, आणि लॅटेक्समध्ये हे काम दोन कमांडवर चालतं. शीर्षकाला ‘लेबल’ द्यायचं, जिथे उल्लेख करायचा तिथे ‘रेफ’ लिहायचं. आकडा आपण टाइप करायचाच नाही.

आता गंमत बघा. लॅटेक्स फाइल वरून खाली वाचतं. पहिल्या पानावर ‘विभाग ७ पाहा’ असं छापायचंय, पण सातवा विभाग अजून आलेलाच नाही. म्हणून पहिल्या फेरीत ते प्रत्येक लेबलचा आकडा एका वेगळ्या ऑक्स फाइलमध्ये टिपून ठेवतं आणि उल्लेखाच्या जागी ठळक ‘??’ छापतं. दुसऱ्या फेरीत ती वही उघडून आकडे भरतं. ओव्हरलीफसारख्या साइटवर या फेऱ्या आपोआप होतात, त्यामुळे अनेकांना त्या दिसतही नाहीत. दोन्ही फेऱ्यांनंतर ‘??’ उरलं, तर समजायचं की लेबलच्या नावात चूक आहे किंवा ते लेबल उडालंय.

माझ्या मते ‘??’ ही लॅटेक्सची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट आहे. मला माहीत नाही, असं ते सरळ सांगतं. खरा धोका वेगळा आहे. लेबल शीर्षकाच्या आधी लिहिलं, तर ते आधीच्या विभागाचा आकडा उचलतं. ना ‘??’, ना वॉर्निंग. ‘विभाग ४’ असं स्वच्छ छापून येतं, लिहायचं असतं ५. गाइडला कळत नाही, एक्स्टर्नलला कळत नाही, वाचणारा मात्र चौथा विभाग चाळत बसतो. आकृत्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं: लेबल कॅप्शनच्या आधी टाकलं की आकृतीऐवजी विभागाचा नंबर मिळतो.

वर्डमध्येही ही सोय आहे, फक्त वापरणारे कमी. आणि वापरली तरी आकडे लगेच बदलत नाहीत, सगळं सिलेक्ट करून एफ९ दाबावं लागतं. ज्याच्याकडे बोट दाखवलं तो मजकूरच डिलीट झाला असेल तर तिथे ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ येतं. हे वाक्य मी टेंडरच्या कागदपत्रांत, माहितीपुस्तिकांत, एवढंच काय तर छापील पुस्तकातही पाहिलंय.

२०२३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं टाइप्स्ट इथे कडक आहे. लेबल सापडलं नाही तर ते पीडीएफ बनवतच नाही, एरर देऊन थांबतं. शीर्षकांना क्रमांक दिलेले नसतील आणि तुम्ही त्यांचा उल्लेख केलात, तरी थांबतं: क्रमांकच नाही, तर मी छापू काय? नव्या माणसाला याचा राग येतो. पण पानावर चूक छापली जाण्यापेक्षा काम अडलेलं परवडलं.

आकडा बरोबर, पण दिसायला कसा हवा?

कायद्यात नुसतं कलम नसतं. कलमात पोटकलम, पोटकलमात खंड, खंडात उपखंड. पानावर त्या खंडासमोर फक्त ‘(ब)’ छापलेलं असतं. पण दुसऱ्या प्रकरणातून त्याचा उल्लेख करताना ‘खंड (ब)’ म्हणून भागत नाही, ‘कलम ५, पोटकलम (२), खंड (ब)’ असा पूर्ण पत्ता लागतो. म्हणजे एकाच गोष्टीचा आकडा दोन ठिकाणी दोन रूपांत छापायचा. लॅटेक्समध्ये त्यासाठी प्रत्येक पातळीला एक छुपं उपसर्ग-खातं असतं. याद्यांसाठी ते आधीच भरलेलं असतं, म्हणून यादीच्या आतल्या मुद्द्यासमोर जरी फक्त ‘ए’ दिसला, तरी त्याचा उल्लेख ‘१ए’ असा येतो. विभागांसाठी हे खातं रिकामं असतं. तुम्ही उपविभागाचा आकडा सुटसुटीत दिसावा म्हणून पुढचा ‘३.’ काढून टाकला, की सगळे उल्लेखही तेवढेच बोडके होतात आणि मग कुठला ‘२’ ते कळेनासं होतं. शीर्षकातलं रूप बदलायचं असेल, तर उल्लेखातल्या रूपाचा वेगळा विचार करावाच लागतो.

परंतुकांची तर आणखी कथा. जुन्या कायद्यांत परंतुकाला आकडाच नसे. ‘दुसरे परंतुक’ म्हणायचं आणि बोटांवर मोजायचं. मध्ये एक परंतुक आलं की मोजणी बिघडली. नव्या आयकर कायद्यात परंतुकं आणि स्पष्टीकरणं बहुतांश काढून तो मजकूर पोटकलमांत घेतलाय. ज्याला आकडा नाही त्याला पत्ता नाही, त्यामुळे हा बदल मला स्लॅबइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मग येते आपली लिपी. टाइप्स्टमध्ये क्रमांकाच्या नमुन्यात ‘१’ लिहिलं की देवनागरी आकडे मिळतात. लॅटेक्समध्ये पॉलिग्लॉसिया हे पॅकेज मराठीसाठी तसा पर्याय देतं. आकड्यांचं भागतं, भांडण अक्षरांचं आहे. आपण मराठीत अ, ब, क, ड असं मोजतो, हिंदीत क, ख, ग, घ. म्हणजे ‘(क)’ हा मराठी माणसाला तिसरा खंड आणि हिंदी वाचणाऱ्याला पहिला! म्हणूनच ज्याला मराठी पेपर ‘४९८-अ’ लिहितात ते हिंदीत ‘४९८क’ असतं. आणि ज्याला आपण ‘८०सी’ म्हणतो ते हिंदी कायद्यात ‘८०ग’. हिंदी टेम्प्लेट उचलून मराठी दस्तऐवज करणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इंग्रजीत ‘सेक्शन’ शब्द आणि आकडा जोडला की झालं. क्लेव्हररेफ नावाचं पॅकेज हा शब्दही आपोआप लावतं, एकापेक्षा जास्त असतील तर अनेकवचन करतं, ओळीने असतील तर ‘३ ते ५’ असंही लिहितं. मराठीची नावं मात्र त्याला आपणच शिकवायची. आणि शिकवली तरी आपण लिहितो ‘तिसऱ्या प्रकरणात’. क्रमवाचक आलं, सामान्यरूप आलं, विभक्ती आली. एवढं मशीनला जमत नाही, म्हणून लोक हाताने ‘तिसऱ्या’ लिहितात आणि नेमके तेच उल्लेख पुढे चुकतात. मी प्रत्यय आकड्यालाच लावतो: ‘प्रकरण ३मध्ये’, ‘कलम ५च्या’. भाषा थोडी सरकारी वाटते, पण आकडा जिवंत राहतो. टाइप्स्टमध्ये एक खाच लक्षात ठेवा. लेबलच्या नावाला ‘मध्ये’ थेट चिकटवलं तर ते ‘मध्ये’सुद्धा नावाचाच भाग समजतं आणि असं लेबल नाही म्हणून अडून बसतं. अशा वेळी उल्लेख फंक्शनच्या रूपात लिहायचा.

मग कायद्याचे आकडे आपोआप का बदलत नाहीत?

मसुदा तयार होत असताना आकडे आपोआप बदललेच पाहिजेत. पण कायदा एकदा प्रसिद्ध झाला की ते गोठतात, गोठायलाच हवेत. कारण आता बोट दाखवणारे त्या फाइलच्या बाहेर आहेत: हजारो निकाल, एफआयआर, करार, फॉर्म. त्यांच्यात कुठलंही लेबल नाही, फक्त हाताने लिहिलेला आकडा आहे. म्हणून तर दुरुस्ती करताना अक्षरं चिकटवतात: ८०सीसीसी, ११५बीएसी, ४९८-अ. दिसायला कुरूप, पण कुणाचाही जुना संदर्भ तुटत नाही. १९६१ चा कायदा असाच फुगत ८१९ कलमांवर गेला होता.

कधीतरी सगळं नव्याने मांडावं लागतं. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेची ५११ कलमं जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ आली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) आहे. ८०सी नव्या आयकर कायद्यात कलम १२३. मग जुने संदर्भ हवेत लटकले का? नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ८ सांगतं की रद्द झालेल्या कायद्याच्या तरतुदीचा उल्लेख हा तिच्या जागी आलेल्या नव्या तरतुदीचा उल्लेख समजावा. वेबसाइटवर जुनी लिंक नव्या पानावर नेते ना, तसंच हे रिडायरेक्ट. सव्वाशे वर्षांहून जुनं.

मराठीने तर एका बाबतीत आधीच लेबल लावून ठेवलं होतं. ‘कलम १४४ लागू’ ही हेडलाइन आता चुकीची ठरते, कारण ते कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. ‘जमावबंदी लागू’ ही हेडलाइन जशी होती तशी चालते.

रिडायरेक्ट कुठे चालत नाही तेही बघू. आयटी कायद्यातलं कलम ६६-अ हे २००८ च्या दुरुस्तीने आलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून आणि तिला दिलेल्या लाइकवरून अटक झाली, तेव्हा हे कलम देशभर गाजलं. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. तरीही पुढची कित्येक वर्षं पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. जुलै २०२१ मध्ये कोर्टाने यावर धक्का व्यक्त केला, तेव्हा अ‍ॅटर्नी जनरलनी जे सांगितलं ते टाइपसेटिंग करणाऱ्याने कोरून ठेवावं: पुस्तकात कलम अजून छापलेलं आहे, ते रद्द झाल्याचं फक्त तळटीपेत दिसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. लेबल मेलं होतं, पण पानावर ‘??’ आलं नाही. आकडा ठळक, दुरुस्ती बारीक अक्षरात, आणि त्यापायी माणसं कोर्टाच्या फेऱ्या मारत होती.

त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कलमांचे आकडे टाकलेली नोटीस आली, तर घाबरण्याआधी तो आकडा कुठे पोचतो ते बघा. इंडिया कोड या सरकारी साइटवर केंद्राचे कायदे मोफत आहेत. कायद्याचं नाव शोधा, कलम उघडा, तळटीपसुद्धा वाचा. नोटिशीत दंड संहितेचं कलम आहे म्हणजे ती लगेच खोटी असं नाही, कारण १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते. मात्र ‘डिजिटल अरेस्ट’ हे कुठल्याही कायद्यात कुठल्याही कलमात नाही, तिथे सरळ १९३० ला फोन लावायचा.

आणि ज्यांचा रिपोर्ट सध्या अर्धा झालाय, त्यांनी आजच फाइलमध्ये ‘विभाग’, ‘प्रकरण’, ‘आकृती’ हे शब्द सर्च करावेत. त्यांच्या पुढे हाताने टाइप केलेला आकडा दिसला की तो काढून लेबल टाका. शंभर पानांच्या रिपोर्टला साधारण एक दुपार लागते.