पहिले दीड फूट

गेल्या रविवारी तलकाडला जाऊन आलो. म्हैसूरहून साधारण 45 किलोमीटर, कावेरीच्या काठावर. कधीकाळी गंग राजांची राजधानी, मग चोळांची, मग होयसळ विष्णुवर्धनाने जिंकून घेतलेली. त्याने त्या विजयानंतर बांधलेलं कीर्तिनारायणाचं देऊळ अजून उभं आहे, पण पाहायला वाळूच्या खड्ड्यात उतरावं लागतं. बाकीची देवळंही तशीच. पाताळेश्वर, मरळेश्वर, सगळी आजूबाजूच्या वाळूपेक्षा खाली. लोक म्हणतात, 17व्या शतकाच्या सुरुवातीला श्रीरंगपट्टणच्या अलमेलम्माने कावेरीत उडी घेताना शाप दिला, म्हणून गावाची वाळू झाली. अभ्यासक म्हणतात, नदीचं वळण, वरच्या अंगाला विजयनगरच्या काळात झालेला माधवमंत्री बंधारा, उघडं पडलेलं पात्र आणि वारा. कारण काहीही असो, इथली वाळू एकदा काढून भागत नाही. ती परत येते.

देवळं पाहून नदीवर आलो. बायको आणि मुलगी टोपलीसारख्या गोल होडीत बसायला गेल्या. इकडे तिला हरिगोलु म्हणतात. माझ्या हातात छत्री होती आणि समोर ओली, सपाट, एकही पाऊल न उमटलेली वाळू. गोल्फ खेळणाऱ्या माणसाला अशा वेळी काय सुचतं ते गोल्फ खेळणाऱ्यांना सांगायला नको.

छत्रीच्या टोकाने वाळूत एक सरळ रेघ मारली. ती टार्गेट लाइन. मग रेघेच्या मध्यावर टोक टेकवलं, चेंडूसमोर उभं राहतो तसा उभा राहिलो आणि क्लब मागे नेतो तशी छत्री मागे ओढली. टोक वाळूतून उचलायचं नाही, एवढीच अट. दीड फूट गेल्यावर थांबलो आणि खाली पाहिलं.

माझी समजूत अशी होती की माझा क्लब सुरुवातीला सरळ मागे जातो. वाळूत मात्र चार इंचांनंतर रेघ माझ्या उजव्या पायाकडे झपकन वळली होती. पुन्हा केलं. दुसरी रेघ पहिल्यापेक्षाही आत. तिसऱ्या वेळी जाणीवपूर्वक बाहेर नेली, ती भलतीकडेच गेली. दहा वेळा केलं आणि दहा रेघा दहा वाटांनी गेल्या. होडीतून उतरून आलेली बायको म्हणाली, "अरे, काही हरवलंय का?" खरं उत्तर "हो" असं होतं.

आजचा लेख त्या दहा रेघांवर आहे. ज्यांना गोल्फमध्ये रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा शेवटी शिकण्याचा आहे. चाळिशीनंतर, खांद्यावर पितळ चढल्यावर आपण शिकतो कसं, आणि ऐकतो कुणाचं.

माझं मत सरळ आहे. आपल्यासारखे हौशी खेळाडू बॅकस्विंगच्या शेवटाची फार चिंता करतात आणि सुरुवातीची अजिबात करत नाहीत. क्लब किती वर गेला, डावा हात सरळ राहिला का, फोटोतल्या व्यावसायिक खेळाडूसारखा शाफ्ट डोक्यामागे आडवा आला का, याची चर्चा बारमध्ये तासभर चालते. पण क्लब चेंडूपासून निघून पहिले दीड फूट कसा गेला हे कुणी विचारत नाही. त्या दीड फुटाला टेकअवे म्हणतात आणि बरेचसे निकाल तिथेच लागतात.

ते कसं, ते सांगतो. उजव्या हाताने खेळणारा नवखा माणूस साधारणपणे सुरुवात मनगटाने करतो. खांदे जागच्या जागी, हात मात्र घाईत. मनगट फिरतं, क्लबहेड झटक्यात आत जातं, फेस आकाशाकडे उघडतो. क्लब आता शरीराच्या मागे अडकला. तिथून तो वर नेला तरी खाली आणायला सरळ वाट उरत नाही. मग उजवा खांदा पुढे झोकून, क्लब बाहेरच्या बाजूने चेंडूवर आणावा लागतो. क्लब बाहेरून आत येतो, फेस उघडा असतो आणि चेंडू केळीसारखा वळत उजवीकडच्या झाडीत जातो. यालाच आपण स्लाइस म्हणतो. आपण मग स्लाइसवर इलाज शोधतो. ग्रिप बदलतो, स्टान्स डावीकडे वळवतो, नवा ड्रायव्हर विकत घेतो. रोग पहिल्या दीड फुटात असतो आणि मलम आपण दोनशे यार्डांवर लावतो.

आता बरोबर काय, तेही सांगतो. हे माझं संशोधन नव्हे, कुठलाही चांगला शिक्षक हेच सांगेल. दोन हात आणि खांदे मिळून एक त्रिकोण होतो. सुरुवातीला तो त्रिकोण अखंड फिरला पाहिजे. फिरवणारे छाती आणि खांदे, मनगट तेव्हा शांत. क्लबहेड जवळपास फूटभर जमिनीलगत आणि रेघेच्या बरोबर जातं, मग शरीर वळतं म्हणून आपोआप हलकेच आत येतं. शाफ्ट कमरेइतका वर येऊन जमिनीला समांतर झाला की थांबून पाहायचं. शाफ्ट टार्गेट लाइनलाही समांतर हवा, क्लबहेड हातांच्या मागे दडलेलं नको, आणि फेस ना आकाशाकडे ना जमिनीकडे, साधारण आपल्या पाठीच्या कण्याइतका कललेला. एवढं जमलं की पुढे डावा खांदा हनुवटीखाली येईपर्यंत वळायचं. कमरेने उजवीकडे सरकायचं नाही, वळायचं. वजन उजव्या पावलाच्या आतल्या बाजूवर राहिलं पाहिजे. बाहेरच्या कडेवर गेलं की समजावं, आपण वळलो नाही, झुललो.

आणि हे सगळं सावकाश. चांगल्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये क्लब मागे जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात तो खाली येतो. मागे जायला पाऊण सेकंद, खाली यायला पाव. आपण नेमकं उलटं करतो. मागे जाताना झडप घालतो आणि खाली येताना सावरत बसतो.

आता कुणी म्हणेल, साहेब, जिम फ्युरिकचं काय? त्याचा क्लब वर जाताना आणि खाली येताना असा काही गिरकी घेतो की ड्रिलच्या उस्तादाने त्याला मैदानाभोवती पळवलं असतं. तरी त्याने 2003ची यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरच्या स्पर्धेत एका फेरीत 58 फटके मारले. मग पुस्तकी टेकअवेचा हट्ट कशाला?

आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याला फायरिंग रेंजने कधीच दिलेलं आहे. रिक्रूटला पहिल्या दिवशी बुल मारायला सांगत नाहीत. आधी ग्रुपिंग. पाच गोळ्या टार्गेटवर कुठेही लागू देत, पण एकमेकींच्या जवळ लागू देत. ग्रुप जमला की साइट थोडी हलवून तो मध्यावर आणता येतो, त्याला झिरोइंग म्हणतात. ग्रुपच नसेल तर साइट हलवून काही उपयोग नाही. फ्युरिकची गिरकी जगावेगळी आहे, पण ती दर वेळी तशीच असते. त्याचा ग्रुप जमलेला आहे. माझ्या वाळूतल्या दहा रेघा दहा दिशांना होत्या. माझा ग्रुपच नव्हता आणि मी गेली काही वर्षं साइट हलवत बसलो होतो.

आपण खडकवासल्याला रायफलची सलामी कशी शिकलो? "गिनती से." एक म्हटलं की एक हालचाल, आणि तिथेच गोठायचं. उस्ताद येऊन कोपर दोन बोटं सरकवणार, मग दोन. तीन महिने हे चाललं तेव्हा कुठे सलग सलामी दिसायला लागली. पळवाट नव्हती आणि कुणी मागितलीही नाही. तेच आपण गोल्फ कोर्सवर आलो की पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीने ड्रायव्हर फिरवतो. शिस्तीचा अर्थ ज्यांनी दुसऱ्यांना शिकवला, त्यांना स्वतःच्या खेळात तो आठवत नाही.

आता थोडं अवघड बोलतो. माझा क्लब आत जातो हे मला वाळूने पहिल्यांदा सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका कोर्सवर माझ्या बॅगेबरोबर चालणाऱ्या पन्नाशीच्या कॅडीने सांगितलं होतं. चौथ्या होलवर, अगदी हळू आवाजात, "साहब, क्लब शुरू में ही अंदर खिंच रहा है." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. कारण त्याच आठवड्यात एका वरिष्ठांनी टीवर माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की क्लब आतूनच न्यायचा असतो. त्यांचा स्वतःचा चेंडू रोज उजव्या झाडीत जात होता हे मला दिसत होतं. तरी मी सल्ला मानला त्यांचा, त्या कॅडीचा नाही. आयुष्यभर हजारो स्विंग मागून पाहिलेल्या माणसापेक्षा मला खांद्यावरचे स्टार जास्त खरे वाटले.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. आपल्या कोर्सवर सल्ला वरून खाली वाहतो आणि ज्ञान खालून वर चढत नाही. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी सैन्यातल्या डॉक्टरचा मुलगा, वडिलांबरोबर लहानपणीच खेळायला लागला आणि 2015च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत पोचला. खेळ दोन्ही वाटांनी येतो. पण आपण कोर्सवर एका वाटेचं ऐकतो आणि दुसऱ्या वाटेला बॅग उचलायला देतो. पुढच्या रविवारी आपल्या कॅडीला एवढंच विचारा, "मागून पाहून सांग, माझा क्लब पहिल्या फुटात कुठे जातो?" आणि तो जे सांगेल त्यावर वाद घालू नका.

निवृत्त मंडळींसाठी एक वेगळा मुद्दा. माझ्या ओळखीचे एक कर्नल साहेब, वय अडुसष्ट, कमरेची मणका-चकती सरकलेली. वर्षभर कोर्सवर आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, "आता वळताच येत नाही रे, अर्ध्या स्विंगने खेळून हसू कशाला करून घेऊ?" तुमच्यातल्या किती जणांनी याच कारणासाठी बॅग माळ्यावर टाकली असेल, मला माहीत नाही. पण पेन्शनीनंतर जुन्या पलटणीची चार तोंडं दिसण्याचं ते एकच ठिकाण असेल, तर ही फार मोठी किंमत आहे.

अर्ध्या स्विंगमध्ये लाज कसली? स्पेनचा जॉन राह्म उजव्या पायात जन्मजात दोष घेऊन आला. घोटा पुरेसा हलत नाही, म्हणून त्याने बॅकस्विंग आखूडच ठेवला. त्या आखूड स्विंगने त्याने 2021ची यूएस ओपन आणि 2023ची मास्टर्स जिंकली. आपल्याकडे महूच्या मुकेश कुमारने 51व्या वर्षी, 2016 मध्ये, एशियन टूरची स्पर्धा जिंकली. वय आड येतं, पण आपण समजतो तेवढं नाही. सुरुवात नीट झाली तर क्लब खांद्यापर्यंत नेला तरी पुरतो. उलट, पाठ वळत नसताना हातांनी क्लब ओढून डोक्यामागे नेला की चेंडूही जातो आणि कंबरही. कर्नल साहेब आता पाऊण स्विंगने नऊ होल खेळतात. अंतर वीस यार्ड कमी झालं, पण चेंडू फेअरवेवर असतो. खिशातले पैसेही आता ते आमच्याकडून घेतात.

कसं करायचं, ते थोडक्यात. घरी भिंतीकडे पाठ करून, वीतभर अंतर सोडून उभे राहा. सात नंबरचा आयर्न हळू मागे न्या. सुरुवातीलाच भिंतीला ठोकर बसली तर तुम्ही क्लब आत ओढताय. रेंजवर क्लबहेडच्या मागे फूटभरावर, रेघेवर दुसरा चेंडू ठेवा आणि मागे जाताना तो क्लबने हलकेच मागे ढकला. क्लब आत गेला किंवा वर उचलला गेला तर तो चेंडू जागचा हलणार नाही. ग्रिप एवढी हलकी, की हातात जिवंत पाखरू आहे असं समजा. आणि कमरेपाशी थांबा, पाहा, मग पुढे. गिनती से. रोज वीस वेळा, चेंडू न मारता. महिनाभर.

महिन्यानंतर सोडून द्यायचं, असं मात्र नाही. तलकाडची वाळू आठवा. सवय एकदा साफ केली की झालं, असं होत नाही. वारा रोज वाहतो.

परत निघताना होडीवाल्याचा दहा-बारा वर्षांचा पोरगा वल्हं मारत होता. जोर लावला की ती गोल होडी पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी गरगर फिरत होती. बाप काठावरून ओरडत होता, "निधान, निधान!" म्हणजे सावकाश. पोराने वल्हं हळू बुडवलं आणि होडी सरळ निघाली. मी छत्री मिटली आणि मागे वळून पाहिलं. माझ्या दहा रेघांमधल्या तीन नदीच्या पाण्याने पुसल्या होत्या. उरलेल्या सात मी स्वतः पायाने पुसल्या आणि गाडीकडे निघालो.