भेषजागाराचे छप्पर

वैशाख लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या औषधालयांत एकच दृश्य दिसू लागते. वरच्या फळीवरील गुग्गुळकल्पांच्या गोळ्या परस्परांस चिकटतात, अवलेहाच्या बरणीचे झाकण काढताच आंबूस वास येतो, आणि हिंगाष्टकाचा डबा उघडूनही हिंगाची जाणीव होण्यासाठी नाक जवळ न्यावे लागते. मग आपण उत्पादकास दोष देतो, प्रतिनिधीस दूरध्वनी करतो व माल परत पाठवितो. त्या फळीच्या वर हातभर अंतरावर दिवसभर तापलेला स्लॅब आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस त्या स्लॅबविषयीच लिहावयाचे आहे.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापी, असे आपले खोरे आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेला तर त्याचे कोणास नवल वाटत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने या उन्हास उत्तर म्हणून धाब्याची घरे बांधली. सागाच्या तुळया, त्यांवर फळ्या वा काड्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही मातीच्या व रुंद. दुपारचे ऊन त्या थरातून खाली उतरेपर्यंत रात्र होत असे, आणि तोवर माणसे वर धाब्यावर निजावयास गेलेली असत. आम्ही या घरांचे भाबडे गोडवे गाऊ इच्छित नाही. पावसाळ्यात रात्री उठून गळतीखाली पातेली मांडण्याचे काम आम्ही लहानपणी पुष्कळ केले आहे. दरवर्षी मृगापूर्वी माती टाकावयाची, वाळवीशी झुंजावयाचे, आणि पुढे तर लाकूडही परवडेनासे झाले. म्हणून स्लॅब आला, तो योग्यच झाला. परंतु माती गेली तेव्हा तिच्यासोबत उष्णता अडविणारा थरही गेला, आणि त्याच्या जागी आपण काहीच ठेवले नाही.

चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि सूर्यास्तानंतर कित्येक तास ते खाली सोडीत राहतो. म्हणजे भेषजागार ज्या वेळी विशेष तापलेले असते, त्या वेळी दुकान बंद झालेले असते व तेथे कोणीही नसते. गेल्या ग्रीष्मात आम्ही आमच्या साठवणखोलीत वरच्या फळीशी एक साधा तापमापक टांगला. रात्री दहा वाजता त्याने ३९ अंश दाखविले. भारतीय औषधकोशाच्या परिभाषेत ‘थंड’ म्हणजे ८ ते २५ अंश, आणि ४० च्या पुढे ‘अतिउष्ण’. आपल्या प्रत्येक वेष्टनावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असे छापलेले असते. नियम १६१-ब अन्वये आपल्या औषधांवर मुदत छापणे बंधनकारक आहे, परंतु ती मुदत तशी जागा गृहीत धरूनच दिलेली असते. शार्ङ्गधरांनी तर चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी क्षीण होते असे सांगून ठेविले आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे आपला स्लॅब खचितच नव्हता.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात औषधे कोठे ठेवावीत हे सांगितले आहे. द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे. अग्नी, पाणी, वाफ, धूर, धूळ, उंदीर व गुरे यांचा तेथे शिरकाव नसावा. भांडी नीट झाकून शिंक्यांवर ठेवावीत. याच वर्णनात दोन शब्द येतात, निवात आणि प्रवातैकदेश. वारा अडविलेला असावा, परंतु एका भागातून तो खेळता राहावा. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात रुग्णाच्या निवासाचे वर्णन आहे, तेथेही हेच दोन गुण सांगितले आहेत. त्याच ठिकाणी घर डोंगराच्या पायथ्यालगत नसावे अशीही एक अट आहे. चोपडा, यावल व रावेरच्या वैद्यबंधूंना ती पाळणे अशक्य आहे, त्यास इलाज नाही.

या दोन शब्दांपैकी एकच वाचल्याची किंमत आम्ही मोजली आहे. काही वर्षांपूर्वी खोली गार करून देतो असे सांगणारा एक कंत्राटदार आम्हांस भेटला. त्याने स्लॅबच्या खालच्या बाजूस थर्माकोलचे छत बसविले, खिडक्यांच्या चौकटींत सिलिकॉन भरले, झरोका बुजविला आणि दारास खाली रबरी पट्टी लावली. दहा अंश फरक पडेल असे त्याने तोंडी सांगितले. कामापूर्वी वा कामानंतर त्याने तापमान मोजले नाही, आणि आम्हीही मोजा म्हटले नाही. उन्हाळ्यात थोडा फरक जाणवला. आषाढात मात्र खोलीत कुबट वास येऊ लागला. भाद्रपदापर्यंत सितोपलादीच्या पुड्यांत गाठी झाल्या होत्या, त्रिफळ्याच्या एका पोत्यास बुरशी धरली होती, आणि थर्माकोलच्या वर उंदरांनी संसार थाटला होता. चरकांनी उंदरांचा उल्लेख उगीच केलेला नाही. तो सर्व माल आम्हांस नष्ट करावा लागला. खोली निवात झाली होती, प्रवातैकदेश राहिली नव्हती.

त्यानंतर आम्ही हा विषय जरा नेटाने समजून घेतला. आमचा एक पुतण्या कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे राहतो. तेही दोन डोंगररांगांमधील खोरेच, उन्हाळा कोरडा व कडक. तेथे घराचे उष्णतारोधन व फटी बुजविणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कारागीर दारात एक मोठा पंखा बसवून घरातील हवा बाहेर खेचतो, आणि कोठून किती हवा आत शिरते हे यंत्रावर पाहतो. प्रथम फटी बुजवितात, नंतर माळ्यावर रोधक द्रव्याचा जाड थर अंथरतात, आणि पुन्हा मोजतात. मोजण्याची ही शिस्त आपण अवश्य घ्यावी. क्रम मात्र जसाच्या तसा घेऊ नये, कारण तेथील घरास लाकडी माळा असतो, घर वातानुकूलित असते व दिवसभर बंद असते. देशभेदाने औषध बदलते, तसेच हेही.

आपल्या खोऱ्यात छप्पर प्रथम, फटी नंतर, असे आमचे मत झाले आहे. ऊन स्लॅबमध्ये शिरण्यापूर्वीच अडवावे. ते शिरल्यावर खालून छत लावणे हा दुय्यम उपाय होय. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फाल्गुनात गच्ची घासून धुवावी व चुन्यात फेविकॉल कालवून तिच्यावर दोन हात द्यावेत. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परतवितो. आपल्याकडील धुळीने तो लवकर मळतो, म्हणून हे काम दरवर्षीचे आहे. धाब्यावर माती टाकणाऱ्यांना तेवढ्या कष्टांचे काही वाटले नसते. ज्यांना खर्च शक्य आहे त्यांनी स्लॅबवर रोधक फोमचे तक्ते बसवून त्यांवर कोबा व फरशी करावी. हे काम जलरोधनासह एकाच वेळी करावे, अन्यथा पाणी थराखाली अडकते. गच्चीवर पालथी मडकी मांडून त्यांवर चुन्याचा थर देण्याची जुनी रीतही चांगली आहे. मडक्यांतील कोंडलेली हवाच तेथे रोधकाचे काम करते. पत्र्याच्या शेडमध्ये माल ठेवणाऱ्यांनी पत्रा व छत यांच्यामध्ये मोकळी जागा सोडून तिला दोन्ही टोकांस जाळी लावावी. फोम व थर्माकोल पेट घेतात, हे आसवारिष्टे व तैले साठविणाऱ्यांनी कदापि विसरू नये.

फटींच्या बाबतीत आपल्या दुकानांचा मोठा दोष म्हणजे लोखंडी शटर. ते पश्चिमेकडे असेल तर दुपारी दोननंतर ते तव्यासारखे तापते, आणि खालच्या फटीतून धूळ व झळा आत येत राहतात. शटरच्या बाहेर छज्जा वा ताडपत्री, आत लाकडी वा काचेचे दुसरे दार, खाली ब्रशची पट्टी, एवढे तरी करावे. भिंतीतील वायरींची व नळ्यांची भोके बुजवावीत. उत्तरेकडील एक झरोका मात्र ठेवावा, त्यास बारीक जाळी व उघडझाक करता येईल असे दार असावे. उन्हाळ्यात तो पहाटे उघडून आठ वाजता बंद करावा.

कूलरविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि त्या हवेस बाहेर पडण्यास वाट लागते. खोली बंद करून कूलर लावला तर ती दमट होते, गार होत नाही. माणसांच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून तो अवश्य लावावा. भेषजागारात तो कधीही लावू नये, कारण तेथे आपण उष्णतेच्या जागी क्लेद आणीत असतो. वातानुकूलन यंत्र लावणाऱ्यांची चूक याच्या उलट असते. छप्पर उघडे ठेवून ते यंत्र लावतात, रात्री बंद करतात, आणि सकाळी खोली होती तशीच तापलेली असते.

आतापर्यंत औषधांचे सांगितले. रुग्णांचे त्याहून महत्त्वाचे आहे. ग्रीष्मात झोप लागत नाही, अंगाचा दाह होतो, भोवळ येते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या वृद्धांस आपण चंदनासव, उशीरासव देतो, वाळ्याचे पाणी व कोकम सांगतो. ते योग्यच आहे. परंतु ‘आजी, तुम्ही निजता त्या खोलीवर पत्रा आहे की स्लॅब?’ हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला भाग आपणच शिकविला आणि निदान डोक्यावर असताना आपण नाडी पाहत बसतो. आम्ही स्वतः हा प्रश्न दोन वर्षांपासून विचारू लागलो. अनेकदा उत्तर येते की मुलाने वरच्या मजल्यावर खोली बांधून दिली आहे. तेव्हा उन्हाळ्यापुरते खालच्या मजल्यावर निजावे असे आम्ही केसपेपरवर लिहून देतो. तोंडी सांगितलेले घरात कोणी मनावर घेत नाही. कागदावर असले की मुलगा ऐकतो. खोली बंद करण्याचा सल्ला देताना मात्र तेथे चूल, शेगडी वा गॅसचा गीझर नाही याची खात्री करून घ्यावी. कोंडलेल्या जागेत त्यांचा विषारी वायू प्राण घेतो.

शासनाच्या पातळीवर हा विषय अगदीच अपरिचित राहिलेला नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली, आणि छपरातून दर चौरस मीटरला, दर अंश फरकास १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये अशी मर्यादा घातली. आपला नुसता स्लॅब याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. आमच्या गावात मात्र आजही रंगवाला मिळतो, कूलरवाला मिळतो, परंतु छप्पर व फटी एकत्र पाहून, मोजून काम करणारा मिळत नाही. मागणी नाही म्हणून कारागीर नाहीत, आणि कारागीर नाहीत म्हणून मागणी नाही. आपल्या मंडळाच्या सभासदांची औषधालये एकत्र आली तर एखाद्या तरुण गवंड्यास वर्षभर पुरेल इतके काम सहज निघेल. काम देताना आधीचे व नंतरचे तापमान मोजून देण्याची अट लेखी घालावी. आमच्यासारखे तोंडी दहा अंशांवर विसंबू नये.

तूर्त एवढेच करावे. प्रत्येक सभासदाने आपल्या भेषजागारात वरच्या व खालच्या फळीशी एकेक तापमापक टांगावा, आणि चैत्र प्रतिपदेपासून ज्येष्ठ अमावास्येपर्यंत दुपारी तीन व रात्री दहा वाजताचे आकडे वहीत टिपावेत. छप्पर कशाचे आहे, शटर कोणत्या दिशेस आहे व खोलीस झरोका आहे की नाही, हेही त्यापुढे लिहावे. या वह्या आषाढात मंडळाच्या कार्यालयात आणून दिल्यास त्यांचे संकलन करण्याचे काम आम्ही अंगावर घेतो.