निळूभाऊंचा वारसा

कॉटन ग्रीन या नावात कापूस तेवढा उरला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर या परिसराला जागे करणारे गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके झाले. चाळीच्या चौकात सत्तेला जाब विचारणारे लोकनाट्यही त्यांच्याबरोबर मुके झाले. १३ जुलै २००९ रोजी निवर्तलेल्या निळू फुले यांचे स्मरण करावयाचे ते या संदर्भात.

पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने आणि ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. ‘सामना’तील हिंदुराव हा निव्वळ खलनायक नव्हे, सहकाराच्या आडोशाने माजलेल्या नव्या सरंजामशाहीचे ते रोखठोक चित्र होते. पडद्यावरच्या पाटलाला बायाबापड्या शिव्याशाप देत, तेव्हा पडद्यामागचा माणूस डॉ. श्रीराम लागू यांच्यासमवेत सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबत होता.

पुण्यतिथीला हार घालणे सोपे आहे. परंतु कलापथकेच मोडली, तर नवे निळूभाऊ येणार कोठून? दूरचित्रवाणीच्या मालिका नट देतील, कार्यकर्ता देणार नाहीत. कॉटन ग्रीन-काळाचौकीच्या साथींनी एक तरी कलापथक उभे करावे. विषय दाराशीच आहे : गिरणी कामगारांच्या हक्काच्या घरांचा. हिंदुराव आता धोतर सोडून टॉवर बांधू लागला आहे; त्याला सामना देणारा मास्तर हवा आहे.