उदरांतील अदृश्य सोबती

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटांतील लोहाची कीर्ति आज सर्वत्र झाली असून, खाणीच्या निमित्तानें त्या बाजूस रहदारी व दुकानदारी वाढली आहे. या लोहाविषयीं बोलणारे पुष्कळ. परंतु डोंगराच्या आसमंतांत राहणाऱ्या माडिया बांधवांच्या पोटांत काय जातें, याचा विचार करणारे थोडेच. त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें आम्हांस वाटतें.

मनुष्य एकटा जेवत नाहीं. त्याच्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. त्यांची संख्या देहांतील पेशींच्या जवळपास भरते, असा शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१६ मध्यें हिशेब केला. जंतु म्हणजे शत्रु, ही समजूत आतां टिकत नाहीं. धान्याचा कोंडा, डाळींचीं टरफलें, पालेभाज्या व कंद यांतील चोथा आपणांस स्वतः पचवितां येत नाहीं. हे जंतु तो आंबवितात, आणि त्यापासून होणारीं ब्युटिरेटसारखीं अम्लें मोठ्या आंतड्याच्या अस्तराचें पोषण करितात. उंदरांवरील प्रयोगांत असा चोथा बंद केला, तेव्हां भुकेले जंतु आंतड्याच्या संरक्षक श्लेष्म्यावरच तुटून पडले.

आतां जंगलपट्टीचा जुना आहार पाहा. कोदो-कुटकी, हातसडीचा तांदूळ, आंबील, मोहाचीं फुलें, बांबूचे कोंब, रानभाज्या, कंदमुळें, तांबड्या मुंग्यांची चटणी! यांतील वनस्पतींचा चोथा म्हणजे या जंतूंची शिदोरीच होय. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रांतील संशोधकांस भारतीयांच्या आंतड्यांत प्रेव्होटेला नांवाचे जंतु विपुल आढळले. वनस्पतिप्रधान आहाराशीं त्यांचा निकट संबंध आहे.

परंतु हीं पक्वान्नें आमच्या मुलांस सांगावयास लाज वाटते. घरीं काय खाल्लें, असें विचारल्यास 'आंबील' म्हणण्याऐवजीं ती मान खालीं घालतात, आणि दुकानांतील चकचकीत पुडी मात्र चारचौघांत मिरवितात. ही लाज किती महाग पडेल? आग्नेय आशियांतील ह्मोंग व करेन लोक अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतांत जाऊन राहिले. त्यांच्या आंतड्यांचा अभ्यास इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला. परदेशीं गेल्यावर थोड्याच महिन्यांत त्यांचे चोथा पचविणारे जुने जंतु घटूं लागले. वास्तव्य वाढलें तशी ही हानि वाढली, आणि तेथें जन्मलेल्या पिढींत ती अधिकच दिसली. त्यांनीं सात समुद्र ओलांडले होते. येथें तर परका आहार आपण होऊन दारीं येत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, रानांतील अन्नानें सर्वांचीं पोटें कोठें भरत होतीं? आक्षेप रास्त आहे. उपासमार, हिंवताप व गढूळ पाणी यांनीं या भागांत अनेक बालकें गमावलीं आहेत; त्या दिवसांची स्तुति आम्ही करीत नाहीं. परंतु कुपोषणावर केवळ अधिक उष्मांक हा उपाय पुरेसा नाहीं. ढाका येथें कुपोषित बालकांच्या एका गटास चणा, सोयाबीन, भुईमूग व हिरवीं केळीं यांचें मिश्रण दिलें, व दुसऱ्यास प्रचलित पूरक अन्न दिलें. इ. स. २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत पहिल्या अन्नाचे उष्मांक कमी होते, तरी त्या बालकांचें वजन अधिक वेगानें वाढलें. कारण तें अन्न त्यांच्या जंतूंस पोसण्याच्या हेतूनेंच योजिलें होतें.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, आश्रमशाळांच्या व अंगणवाड्यांच्या पानांत पांढऱ्या भाताबरोबर कोदो-कुटकी, डाळी व रानभाजी यांसहि मानाची जागा मिळावी. सडक यावी, दवाखाना यावा, स्वच्छ पाणी यावें. त्यांच्या मोबदल्यांत आंबिलीचें मडकें मात्र जाऊं नये. विद्यार्थिमित्रहो, सुटींत घरीं जाल तेव्हां आजीस रानभाज्यांचीं नांवें विचारा व वहींत लिहून ठेवा. डोंगरांतील लोह किती निघालें याची नोंद ठेवणारे आहेत. आजीच्या ज्ञानाची नोंद तुम्हींच ठेविली पाहिजे.